बिनतोंडाच्या किड्याची परीक्षा

दरेकरने चिमट्यात किड्याची शेपटी धरली, दाबली आणि खिडकीच्या उजेडात वर उचलली, तेव्हा मी घंटा वाजवली.

वेळ झालेली नव्हती. एका टेबलाला दोन मिनिटं असतात, त्यातलं अर्धं मिनिटसुद्धा सरलं नव्हतं. पण घंटा वाजली की पोराने पुढच्या टेबलाला सरकायचं, हा नियम. दरेकर विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा, मनगट माझ्या पिंढरीएवढं. घंटेने तो दचकला आणि हातातलं बशीत टाकून पुढे गेला. टाकलं म्हणजे टाकलंच, टेबलावर थेंब उडाले. दारात देवरे मॅडम पेढ्यांचा खोका घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मला वाटलं, बाई आता आडव्या होतात.

"मावशी, वेळ नाय झाली ना अजून!" मागची पोरं ओरडली.

"झाली," मी म्हटलं. "सरका."

त्या बशीत जो किडा होता तसा अख्खा किडा जगात कोणाच्या कपाटात नव्हता. त्याला अजून नावही नव्हतं. आणि तो बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत सात नंबरच्या टेबलावर ठेवला होता. शेजारी चिठ्ठी होती: ओळखा आणि दोन लक्षणे लिहा.

मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. आधी नवरा तिथे शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. तो गेला हे वाईट झालं, नोकरी मिळाली हे बरं झालं. माझं शिक्षण चौथी. हे आधीच सांगते, कारण पुढे मी किड्यांबद्दल बोलणार आहे आणि कोणी शिकलेला वाचक चुका काढणार आहे. काढाव्यात. मॅडमनी जसं सांगितलं आणि मला जसं कळलं तसं लिहिते.

माझं काम म्हणजे बरण्या. साप, सरडे, मासे, जंत, सगळे स्पिरिटमध्ये बुडवलेले. स्पिरिट उडतं, मग भर घालायची. पिवळं पडलं की बदलायचं. बरणीच्या आत जाड कागदाची चिठ्ठी असते, ती पेन्सिलनेच लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटला सरकारी परवाना लागतो. एकदा दारूबंदीचा साहेब तपासायला आला. कॅनमधलं मोजलं, मग म्हणाला, बरण्यांतलं पण मोजायचंय. मी नागाची बरणी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. पुन्हा त्याने मोजलं नाही.

परीक्षेच्या दिवशी माझं काम घंटेचं. प्राणी मांडून ठेवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा. पोरं रांगेत एकेका टेबलाशी थांबतात, बघतात, लिहितात, घंटा झाली की पुढे जातात. बाहेरगावचे एक परीक्षक येतात. त्यांना नाश्ता, जेवण आणि जेवणात श्रीखंड द्यावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण त्याच्याशिवाय परीक्षा होत नाही.

आता किड्याचं.

देवरे मॅडम मूळच्या सटाण्याच्या. किड्यांचं शिक्षण त्यांनी गोव्याला घेतलं आणि लग्न होऊन नाशिकला आल्या. किडेही त्यांच्या मागोमाग आले. गोव्याला एक समुद्राची संस्था आहे. तिचं जहाज खोल समुद्रात जाऊन तळाचा चिखल काढायचं आणि त्यातला थोडा चिखल मॅडमना यायचा, बसने, प्लास्टिकच्या कॅनमधून. पहिल्यांदा तो उतरवून घ्यायला मी गेले, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?"

"माती."

"गोव्याहून माती? नाशिकला माती नाय का, बाई?"

मी म्हटलं, "ही समुद्राखालची आहे." तो म्हणाला, "मग मासे तरी पाठवायचे." मला त्याचं पटलं.

तो चिखल बारीक चाळणीतून पाण्याखाली चाळायचा. आमच्या घरचा धंदा भाजीचा, मखमलाबाद रस्त्याला मळा. मेथीची जुडी धुवून धुवून हात तयार झालेला, म्हणून चाळणं माझ्याकडे आलं. चिखल खाली जायचा आणि चाळणीत शेवयांसारखे धागे राहायचे. तो धागा म्हणजे नळी. किडा ती स्वतःच बनवतो आणि आयुष्यभर तिच्यात उभा राहतो. खालचं टोक चिखलात, वरचं पाण्यात. अंधार, थंडी आणि डोक्यावर एवढा मोठा समुद्र.

या किड्याला तोंड नाही. पोट नाही. मागचा मार्गही नाही.

मी विचारलं, "मग खातो काय?"

"खात नाही," मॅडम म्हणाल्या. "याच्या अंगात बारीक जंतू राहतात. चिखलातून जो सडका वायू येतो त्याच्यावर ते जगतात आणि यालाही पोसतात."

"म्हणजे घरात भाडेकरू ठेवायचे आणि त्यांच्यावर जगायचं."

"साधारण तसंच."

असे लोक मी पंचवटीत बरेच बघितले होते, त्यामुळे किडा मला लगेच समजला.

याच्या डोक्यावर एकच मिशी असते. आणि खाली, अगदी टोकाला, बारीक काटे असलेली इवलीशी शेपटी. तिने तो चिखलात रुतून राहतो. यंत्राने चिखल ओरबाडला की शेपटी तुटते आणि समुद्रातच राहते. मॅडमकडे आलेले सगळे किडे बिनशेपटीचे होते. मिशीवरून त्यांना वाटत होतं की ही नवीन जात आहे. पण शेपटी बघितल्याशिवाय खात्रीने म्हणता येत नव्हतं.

नवीन जातीला नाव द्यायची रीत अशी. जो किडा बघून तुम्ही नाव दिलं, तो एक किडा मूळ नमुना म्हणून कायमचा संग्रहालयात ठेवायचा. कोणाला शंका आली तर त्याने तिथे जाऊन बघावं. त्याचं चित्र काढायचं, एकेका काट्यासकट. अख्खा किडा नसेल तर तुमच्या म्हणण्याला कोण विचारतं? आणि गोव्याच्या संस्थेने मॅडमना सांगून ठेवलं होतं की हा उन्हाळा संपेपर्यंत काही झालं नाही तर राहिलेला सगळा चिखल परदेशातल्या तज्ज्ञांना जाईल. मॅडम चिडायच्या नाहीत. पण त्या दिवसांत डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मॅडमनी मला हाक मारली. त्या भिंगातून बघत बसल्या होत्या आणि हातातल्या दोन सुया हवेतच होत्या.

"मावशी, आला. शेपटीसकट."

मी बघितलं. मला लसणाची मुळी दिसली. मी म्हटलं, "छान."

चित्र काढायला त्यांनी कागद पुढे ओढला आणि वीज गेली. भिंगाचा दिवा बंद. मॅडमनी किडा स्पिरिटच्या बशीत ठेवला, वर काचेचं झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "वीज येईपर्यंत गोव्याला फोन करून येते." एसटीडी बूथ रस्त्यापलीकडे होता. मी खोलीला कुलूप लावलं आणि घंटा घेऊन परीक्षेच्या हॉलमध्ये गेले.

कुलपाच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे, एक विभागप्रमुख निकुंभ सरांकडे.

निकुंभ सर माणूस वाईट नव्हता. रुमालाने खुर्ची पुसून बसायचा, एवढंच. मॅडमच्या कामाला ते 'चिखलफेक' म्हणायचे आणि आपणच हसायचे. त्या दिवशी ऐन वेळी त्यांना दिसलं की सात नंबरला ठेवायचा पट्टकृमी, म्हणजे पोटातला चपटा जंत, बरणीत कुजून तुकडे तुकडे झालाय. परीक्षक तिकडे पोहे खात होते. टेबल रिकामं दिसलं तर नाचक्की. सरांनी मॅडमची खोली उघडली. समोर बशी तयार. लांब, पांढरं, मऊ काहीतरी आत. जंत तो जंत. त्यांनी बशी आणून सातवर ठेवली, झाकण काढलं, वर पोरांची सोय म्हणून चिमटाही ठेवला.

मी पुढे घड्याळापाशी बसले होते. सात नंबर पार खिडकीशी. मला वाटलं, पट्टकृमी असेल. मॅडम दारात येऊन पांढऱ्या पडून तिकडे बोट दाखवायला लागल्या तेव्हा कळलं. आणि तेवढ्यात दरेकरने चिमटा उचलला.

तर मी घंटा वाजवली, तो पुढे गेला आणि मॅडम आत शिरल्या.

"थांबा," परीक्षक म्हणाले. जळगावकडचे होते, जाड चष्मा, आवाज भरदार. "परीक्षा चालू आहे. टेबलापाशी फक्त विद्यार्थी जाईल."

"सर, तो नमुना चुकून ठेवलाय. मला फक्त उचलायचाय."

"अर्ध्या पोरांनी बघितला, अर्ध्यांनी नाही. आता उचलला तर ही परीक्षा रद्द करून पुन्हा घ्यावी लागेल. मला विद्यापीठाला कळवावं लागेल. कळवू का?"

निकुंभ सर मॅडमच्या कानाशी आले. "मॅडम, तमाशा नको. संपल्यावर घ्या तुमचा किडा."

"संपल्यावर राहील का तो?"

"किडाच आहे ना? कॅनभर चिखल पडलाय तुमच्याकडे."

मॅडम मागे सरल्या. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पेढ्यांचा खोका छातीशी धरलेला, जसं काही कोणी तोही परीक्षेला मांडणार होतं.

त्यांना किड्याला हात लावायला बंदी होती. मला घंटेला नव्हती.

मी खुर्ची फिरवून सातकडे तोंड करून बसले. जे पोर नुसतं वाकून बघायचं, त्याला पूर्ण दोन मिनिटं. ज्याचा हात चिमट्याकडे गेला, त्याची घंटा. एक सटाण्याचा मुलगा शेजारच्याला अहिराणीत कुजबुजला, "हाई काय शे?" आणि चिमटा उचलला. घंटा. पुढच्या मुलीने बोट पुढे केलं. घंटा. बाकीच्या टेबलांवरची पोरं रडकुंडीला आली. झुरळाचे पाय मोजून होईनात.

"बाई, घड्याळ बरोबर आहे ना तुमचं?" परीक्षकांनी विचारलं.

"कॉलेजचं आहे, साहेब."

पोरं अभ्यासात कशीही असोत, या बाबतीत हुशार असतात. थोड्याच वेळात रांगेतून कुजबुज फिरली की सातवर चिमट्याला हात लावला की म्हातारी घंटा मारते. तेव्हा मी काही म्हातारी नव्हते, पण असू दे. त्यानंतर जो येईल तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. देवळात राहत नसतील असे.

मग वीज आली. एरवी सगळे 'आली आली' ओरडतात. इथे पंखे सुरू झाले आणि मी आधी सातकडे बघितलं. उघडी बशी, चैताचं ऊन, वर पंखा. स्पिरिट बघता बघता उडतं आणि किडा वाळून पापडासारखा होतो. वाळलेला किडा पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखा होत नाही. मी उठून पंख्याचं बटण बंद केलं.

"बाई, पंखा?"

"जळका वास आला, साहेब."

"मला नाही आला."

"तुम्हाला सर्दी आहे."

ते चष्मा काढून घाम पुसायला लागले. मी स्पिरिटची बाटली घेऊन सातकडे निघाले. ते म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "नमुन्यात स्पिरिट घालायला. ते माझं कामच आहे. नियमात नसेल तर सांगा, मी बसते आणि पुढच्या पोराला वाळकं दाखवते." त्यांनी हात हलवला. मी पिचकारीने थेंब थेंब सोडलं. किडा हलला, म्हणजे तरंगला. येताना चिमटा घेऊन आले.

"चिमटा का काढला?"

"गंजलाय. धुऊन आणते."

धुतला. बराच वेळ धुतला.

तरी एका शहाण्याने पेन काढलं आणि त्याच्या टोकाने किडा उलटा करायला गेला. मॅडमनी भिंतीवर हात आपटला, निकुंभ सर "अरे!" म्हणाले (पहिल्यांदाच, बहुतेक मॅडमचं तोंड बघून) आणि मी घंटा अशी मारली की तिच्या आतला लोळ निसटून परीक्षकांच्या टेबलाखाली गेला. पोराच्या हातून पेन पडलं. बशीत नाही, खाली. मॅडमनी डोळे मिटले होते ते बराच वेळ उघडले नाहीत.

उरलेली परीक्षा मी स्टीलच्या ट्रेवर चमचा मारून घेतली.

शेवटी पेठकडची भोये नावाची मुलगी राहिली. लहानखुरी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती सातपाशी आली, वाकली आणि सगळा वेळ नुसती बघत राहिली. या बाजूने, त्या बाजूने. मग एक ओळ लिहिली आणि गेली.

मॅडमनी बशी स्वतः उचलली. खोलीत नेली, भिंगाखाली ठेवली. मी दारात थांबले. निकुंभ सर माझ्या मागे. रुमालाने खुर्ची पुसायची त्यांना आठवण झाली नाही, कारण ते बसलेच नाहीत.

"डोकं आहे," मॅडम म्हणाल्या. "मिशी आहे." मग त्यांनी बशी थोडी फिरवली. "शेपटी आहे. काटे आहेत." त्यांनी मान वर केली. "वर एक आवळल्याची खूण आहे. चिमट्याची. पण अख्खा आहे."

मग त्या खाली फरशीवर बसल्या आणि एक पेढा खाल्ला. आम्हाला दिला नाही. विसरल्या.

दुपारी उत्तरं तपासायला घेतली. गांडूळ, पट्टकृमी, नारू, हत्तीरोगाचा जंत, जे पाठ होतं ते सगळं पोरांनी त्या किड्याला लावलं होतं. दोन लक्षणंही लिहिली होती. एकाने तर तोंडात दात असतात असं लिहिलं होतं. दरेकरने लिहिलं होतं, कांद्याची मुळी. परीक्षक म्हणाले, "प्राणीशास्त्राच्या परीक्षेत?" मला लसणाची वाटली होती, त्याला कांद्याची. ज्याच्या घरी जे.

भोयेने लिहिलं होतं, हा प्राणी मी ओळखत नाही. याला तोंड दिसत नाही.

परीक्षक हसले आणि शून्य द्यायला पेन टेकवलं.

"सर," मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांत हे एकच उत्तर बरोबर आहे."

"ओळखत नाही, हे बरोबर?"

"मीही अजून ओळखत नाही."

"मग उत्तर काय आहे याचं?"

"उत्तर नाही अजून. काम झालं की देईन."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि निकुंभ सरांकडे बघितलं. "ज्याचं उत्तर नाही तो प्रश्न परीक्षेत कोणी ठेवला?"

निकुंभ सर पंख्याकडे बघायला लागले. तो बंद होता.

मी म्हटलं, "साहेब, श्रीखंड पातळ होतंय."

जेवताना मिटलं. विद्यापीठाला कळवलं नाही. सातव्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांना पूर्ण द्यायचे ठरलं. कांद्याच्या मुळीलाही. भोयेला कळलं तेव्हा ती मॅडमसमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, सगळ्यांनाच द्यायचे होते तर मी खरं कशाला लिहिलं?" त्यांनी तिला दोन पेढे दिले. तिने एकच घेतला, तोही रागात.

मॅडमनी चित्र त्याच आठवड्यात काढलं. पण किड्याला नाव लागायला पुढे काही वर्षं गेली. कागद परदेशात जायचे, शंका घेऊन परत यायचे. एकदा तिकडच्या तज्ज्ञाने विचारलं की शेपटीच्या वर जी आवळल्यासारखी खूण आहे, ती या जातीचं लक्षण समजायचं का? मॅडमनी कळवलं, नाही, ती आमच्या एका परीक्षार्थीची आहे. त्याचं उलट उत्तर आलं: परीक्षार्थी पास झाला का? मॅडमनी कळवलं, झाला.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा निकुंभ सर मॅडमच्या खोलीत रोज चहा पाठवायला लागले. किड्यांना माणसांची नावं देतात हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. मॅडमनी चहा पिला आणि किड्याला जे लॅटिन नाव दिलं त्याचा अर्थ अखंड असा आहे. मला ते म्हणता येत नाही. सर म्हणाले, "बरंच झालं. जंताला आपलं नाव कोण लावून घेईल?" चहा मात्र बंद झाला.

मॅडमना त्याचं काय मिळालं, असं लोक मला विचारतात. काही नाही. निकुंभ सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवलं, कारण मॅडमकडे कार्यालयाच्या कामाचा अनुभव नव्हता, म्हणे. ते मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. मी असते तर चिखलाचा कॅन त्या कार्यालयाच्या टेबलावर ओतला असता. मॅडम म्हणाल्या, "ओतू नका, चाळायचा आहे."

आता परीक्षेत प्राणी मांडत नाहीत, चित्रं दाखवतात. बरण्या कुठे गेल्या कोण जाणे. घंटेला मी नवीन लोळ बसवून घेतला होता, ती घंटा मी निवृत्त होताना घरी घेऊन आले. कोणी विचारलं नाही.

निकुंभ सर गेले. परीक्षकही गेले असतील, त्यांना साखर होती आणि श्रीखंड सुटत नव्हतं. देवरे मॅडम गेल्या पावसाळ्यात गेल्या. भोये पेठला शाळेत शिकवते. दरेकर विंचूरला कांदा विकतो, रस्त्यात मला बघितलं की अजून दचकतो. मी आहे, गुडघे सोडून. किडा गोव्याला बाटलीत आहे, मिशीपासून शेपटीपर्यंत अख्खा.